नाद

मराठीत 'नाद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घंटेचा नाद म्हणजे घंटेचा आवाज. पण 'त्याला पतंगांचा नाद आहे' असे म्हटले, म्हणजे त्याला पतंगांचे वेड आहे. या दुसऱ्या अर्थी उर्दूत आपण 'शौक' म्हणतो. शौक मराठीतही चालतो, मात्र लिहिताना जपावे लागते. एक मात्रा राहून गेली तर 'शोक' होतो, आणि शोक म्हणजे दुःख! 'हौस' हा शब्द तर अरबी 'हवस'पासूनच आला. उर्दूत हवस म्हणजे हाव. मराठीत येता येता तो शब्द सज्जन झाला आणि हौशी माणूस सर्वांना आवडू लागला.

काही माणसांना नादाचाच नाद असतो. गाण्याबजावण्याच्या जुन्या तबकड्या, म्हणजे ध्वनिमुद्रिका, ती शोधून आणतात, पुसून जपून ठेवतात, पुन्हापुन्हा ऐकतात आणि चार समानधर्मी जमले की त्यांवर रात्ररात्र वाद घालतात. जॅझ या संगीताचे रसिक या बाबतीत फार पुढे गेलेले. हे वेड कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी एक लेणे पाहू.

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने निघाले, की पहिले स्टेशन मळवली. तेथून भाजे गाव जवळच आहे. गावामागच्या डोंगरात दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. तेथील एका विहाराच्या ओसरीत भिंतीवर शिल्पे कोरलेली आहेत. एका शिल्पात हत्तीवर बसलेला भव्य पुरुष दिसतो. त्याच शिल्पात खालच्या बाजूला एक स्त्री हातांनी वाद्य वाजवीत आहे आणि तिच्याजवळ दुसरी नाचत आहे. त्या वाद्यात काही जणांना तबल्याचा पूर्वज दिसतो, तर काही जाणकारांना ते मान्य नाही. तो वाद त्यांच्याकडे सोपवू. आपण इतकेच पाहायचे, की वाजवणारीचा हात दिसतो, वाद्य दिसते, नाचणारीचा तोल दिसतो; पण त्या दिवशी तिने कोणता ठेका धरला होता, हे जगात कोणालाही सांगता येणार नाही. शिल्पकाराने रूप ठेवले, नाद मात्र गेला.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतील आहे, आणि ती फार जुनीही नाही. न्यू ऑर्लिन्स नावाच्या बंदराच्या शहरात बडी बोल्डन हा कृष्णवर्णीय वादक होऊन गेला. त्याचा जन्म १८७७चा. कॉर्नेट नावाचे, तुतारीच्या जातीचे एक आखूड पितळी वाद्य तो वाजवी. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या मुलानातवंडांनी त्या शहरात एक नवे संगीत घडवले. त्यात मजुरांची गाणी होती, चर्चमधील भजने होती, लष्करी बँडची वाद्ये होती आणि आफ्रिकेतून रक्तात आलेला ताल होता. यालाच पुढे जॅझ म्हणू लागले. या संगीताच्या पहिल्या मोठ्या वादकांत बोल्डनचे नाव घेतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. १९३१ साली तो मरण पावला, तोवर बाहेर आलाच नाही. त्याने एकदा मेणाच्या नळकांड्यावर आपले वादन मुद्रित करून घेतले होते, असे त्याच्या काळातील माणसे सांगत. ते नळकांडे रसिकांनी पुष्कळ शोधले. ते अजून मिळालेले नाही.

यात एवढे हळहळण्यासारखे काय आहे? एखादी कविता हरवली, तर ती पाठ असलेला कोणीतरी सापडतो. युरोपातील बड्या संगीतकारांच्या रचना कागदावर लिहिलेल्या असतात. आज कोणीही त्या वाचून वाजवू शकतो. जॅझचे तसे नाही. आपल्याकडच्या कव्वालाची आठवण करा. मिसरा सर्वांना ठाऊक असतो, पण महफिलीत तो मिसरा कव्वाल दहा वेळा दहा तऱ्हांनी म्हणतो, मध्येच दुसऱ्या शेराची गिरह लावतो, आणि ऐकणारा 'वाहवा' म्हणतो तो त्या क्षणी सुचलेल्या गोष्टीला. जॅझमध्येही धून सर्वांना ठाऊक असते. ती एकदा वाजवून झाली, की प्रत्येक वादक पाळीपाळीने पुढे येतो आणि त्याच धुनेवर त्या घडीला जे सुचेल ते वाजवतो. उद्या तो तेच वाजवणार नाही. बहुतेक त्याला ते वाजवताही येणार नाही. म्हणून ज्या दिवशी यंत्र समोर होते, त्या दिवसाचे वादन तेवढे उरले. बाकीचे हवेत विरले.

जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांची ती नव्हती. तिच्यावर पाच गोऱ्या वादकांचे वादन आहे. १९२३ साली किंग ऑलिव्हर याच्या बँडच्या तबकड्या निघाल्या. त्या बँडमध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. तेव्हा मायक्रोफोनने मुद्रण होत नसे. एका मोठ्या कर्ण्यासमोर सर्वांनी उभे राहून वाजवायचे आणि त्या आवाजाच्या जोराने सुई हलून मेणात चर पाडायची, अशी रीत होती. आर्मस्ट्राँगचा फुंकर इतका दमदार, की बाकीचे झाकून जाऊ नयेत म्हणून त्याला कितीतरी पावले मागे उभे केले, असे सांगतात. त्या तबकड्या ऐकताना रसिक कान टवकारून बसतात. मागून येणारा तो दुसरा कॉर्नेट ऐकू आला, की त्यांच्या चेहऱ्यावर ईदचा चंद्र दिसल्याचा आनंद येतो.

त्या काळातील तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावे. ती लाखेपासून बनवत. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याने तयार केलेला राळेसारखा पदार्थ. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच. भारतातील पहिले व्यापारी मुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले, तेव्हा गौहर जान गायल्या आणि गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव सांगितले. तबकड्या बनवण्यासाठी मुद्रण जर्मनीत जाई. तेथील कारागिरांना ते कोणाचे आहे हे कळावे म्हणून नाव सांगायचे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई पडली. त्या वेळी अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा भुगा नव्या तबकड्यांसाठी वापरला गेला. त्या भुग्यात काय काय गेले असेल, या विचाराने संग्राहकांना आजही झोप येत नाही.

आता संग्राहक करतो काय, ते पाहू. तो तबकडी हातात घेतो, तेव्हा आधी मधला कागद वाचतो. मग उजेडात तिरकी धरून कागदाभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक पाहतो. त्या क्रमांकावरून मुद्रण कोठे आणि साधारण केव्हा झाले, याचा माग लागतो. एकच धून एका बैठकीत तीन-चार वेळा मुद्रित करीत आणि त्यांतली एक निवडून तबकडी काढीत. ती कितवी, हेही त्या क्रमांकावरून पुष्कळदा कळते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याने १९४५ साली केलेल्या मुद्रणांतील अशा न निवडलेल्या पाळ्या पुढे प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक पाळीत त्याने वेगळे वाजवले आहे. त्यांतली सरस कोणती, हा वाद रसिकांत अजून मिटलेला नाही.

तबकडीवर बँडच्या मालकाचे नाव असे, वादकांची नावे बहुधा नसत. मग हा सॅक्सोफोन कोणाचा, तो ढोल कोणाचा? शार्ल दलोने या फ्रेंच रसिकाने वादकांना विचारून, तबकड्या ताडून माहिती जमवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये जॅझच्या तबकड्यांची सूची छापली. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणी काय वाजवले, याची ती नोंदवही होती. ज्याचे नाव कोणी छापले नव्हते, अशा कितीतरी वादकांना त्या नोंदींनी नाव मिळवून दिले. मला या छंदातील हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

अर्थात नाद अंगाशीही येतो. डीन बेनेडेट्टी नावाच्या तरुणाला चार्ली पार्करचे इतके वेड, की तो मुद्रणयंत्र घेऊन पार्करच्या मागे क्लबाक्लबांत फिरला. त्याने १९४७-४८ साली तासन्‌तास मुद्रण केले. पण पार्कर थांबला आणि दुसरा वादक वाजवू लागला, की बेनेडेट्टी यंत्र बंद करी! त्याचा ठेवा १९९० साली प्रसिद्ध झाला. पार्कर ऐकायला मिळाला म्हणून लोकांनी दुवा दिली. त्या रात्री त्याच्या शेजारी उभे राहून इतरांनी काय वाजवले, ते मात्र कायमचे गेले.

हे सारे अमेरिकेतच घडले असे समजू नका. १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो १९४५ साली कलकत्त्यात वारला. क्रिकेट स्मिथ अशा मजेदार नावाचा अमेरिकी ट्रम्पेटवादकही तेव्हा मुंबईत होता. त्याच्या बँडने १९३६ साली मुद्रित केलेल्या एका धुनेचे नाव नरेश फर्नांडिस यांनी आपल्या पुस्तकाला दिले. ते पुस्तक म्हणजे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट', मुंबईच्या जॅझचा इतिहास.

या पाहुण्यांकडून शिकले ते मुख्यतः गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. १९१६ साली हळदोणे येथे जन्मलेला आंतोनियो शाव्हियेर वाझ मुंबईत येऊन चिक चॉकलेट झाला. तो आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट वाजवी आणि त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. रूडी कॉटन हा सॅक्सोफोनवादक, याचे खरे नाव कावसजी खटाव, तो पारशी. सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे, पण फाळणीपूर्वी त्यांचा बँड लाहोरच्या एका हॉटेलात वाजत असे. फाळणी झाली आणि ते मुंबईला आले.

मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचगाण्याचे दिवस सरत गेले. त्याच वेळी बोलपटांचे वाद्यवृंद वाढत होते. संगीतकाराला चाल सुचे, पण चाळीस-पन्नास वादकांपैकी कोणी काय वाजवायचे, हे कागदावर लिहून देणारा हवा असे. हे काम गोव्याच्या वादकांना येत होते. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम करीत. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट होता. भगवानदादांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटातील गाण्यांत जे पितळी वाद्यांचे उसळते बोल आहेत, ते जॅझच्या घरचे. चिक आणि त्याचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. आपल्या आजीआजोबांनी जॅझ हा शब्द ऐकला नसेल. त्यांच्या लग्नात तो वाजला मात्र असेल.

आणि तबकडीवर? तबकडीवर चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे नाव, गायकाचे नाव. तेही नेहमी नसे. १९४९ सालच्या 'महल'मधील लता मंगेशकरांच्या गाण्याच्या तबकडीवर आधी नाव छापले होते 'कामिनी'. ते चित्रपटातील पात्राचे नाव! गायिकेची ही गत, तर मागे ट्रम्पेट फुंकणाऱ्याला कोण विचारतो? त्यांची नावे पुढे आली, ती रसिकांनी आणि अभ्यासकांनी एकेका म्हाताऱ्या वादकाच्या घरी जाऊन विचारले म्हणून. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव मात्र साऱ्या देशाच्या तोंडी बसले. तेही गंमतच म्हणायची. त्यांचे शिष्य प्यारेलाल. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव आले. गाणे लोकांना पाठ झाले, पण या नावाचा खरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

मुंबईत जॅझचे कान असलेली माणसेही होती. निरंजन झवेरी यांनी मित्रांसह १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'ब्लू ऱ्हिदम' नावाचे जॅझचे मासिक काढले होते. १९७८ साली त्यांच्याच खटपटीने मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक त्यात वाजवून गेला. ज्यांना मुंबई गाठता येत नसे, ते रेडिओ लावत. १९५५ सालापासून विलिस कॉनोवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर जॅझ ऐकवीत. परदेशातील श्रोत्यांना समजावे म्हणून ते फार सावकाश आणि स्पष्ट बोलत. वही-पेन्सिल घेऊन बसलेल्यांना वादकांची नावे उतरवून घेता येत. दुसरी भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा वक्त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तबकडी मिळवण्यापेक्षा राखणे अवघड, आणि लोणावळ्यात तर फारच अवघड. जूनमध्ये खंडाळ्याच्या घाटात ढग उतरले, की चार महिने घरातील भिंतीही ओल्या. तबकडीचे कागदी पाकीट ओल धरते, मधला कागद फुगतो आणि चरांमध्ये बुरशीचे पांढरे ठिपके उमटतात. ती बुरशी सुईखाली आली की करकर आवाज येतो. म्हणून तबकड्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर वजनाने खालच्या वाकतात किंवा तडकतात. धुवायच्या तर मधला कागद वाचवून, स्वच्छ पाणी आणि किंचित सौम्य साबण घेऊन धुवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डाग जाईल म्हणून बोळा फिरवावा आणि डागाबरोबर गाणेही पुसून जावे, असे होते.

पावसाची गोष्ट निघाली म्हणून एका लाँग-प्लेची आठवण होते. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी रागांवर आधारलेली जॅझची तबकडी काढली. तिच्यात सतार आहे उस्ताद रईस खान यांची, आणि भोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट. तिच्यात मियाँ की मल्हारही आहे. सतार आणि ट्रम्पेट एकमेकांना पूर्ण वश झाले आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी दोघे शेजारशेजारच्या घरांतून बोलल्यासारखे वाटतात. तरी बाहेर मावळातला पाऊस आणि आत हा मल्हार, हा योग ज्याला जुळवता येईल त्याने जुळवावा.

अशा तबकड्या मिळतात कोठे? लोणावळा मध्यावर असल्याने दोन्हीकडे जाता येते. मुंबईचा चोरबाजार आहे. पुण्याला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तेथे कुलुपे, पितळी भांडी आणि मोडके पंखे यांच्यामध्ये कधीतरी तबकड्यांचा ढीग असतो. शंभर तबकड्या चाळाव्यात तेव्हा एखादी हाती लागते, तीही कडेला टवका उडालेली. आता भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच हजारो धुनी ऐकू येतात, मग ही पायपीट का करायची? एक कारण असे, की तेथे येते ते कोणीतरी आधी जपून ठेवलेल्या तबकडीवरूनच. शिवाय मागे कोण वाजवत आहे, हे तेथेही बहुधा लिहिलेले नसते. मुंबईत १९९० साली तबकड्यांच्या भारतीय संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. तिचे नियतकालिक टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक सुरेश चांदवणकर संपादित करीत. त्यांत अशा नोंदी बारकाईने छापल्या जात.

शोधाशोधीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. दूरच्या ताऱ्यांकडे जाताना ती कधी कोणाला भेटलीच, तर पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवायची ठरली. तिच्यात लुई आर्मस्ट्राँगने १९२७ साली मुद्रित केलेली एक धून घेतली. भारतीय संगीतातून जाणकारांनी नाव सुचवले केसरबाई केरकर यांचे. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या, उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. तबकड्या काढायला त्या नाखूशच असत, त्यामुळे त्यांच्या तबकड्या थोड्या. हवी असलेली भैरवी काही केल्या मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात निघाली. दुकान विजेच्या उपकरणांचे. तेथे एका मेजाखाली धुळीने भरलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती पडल्या होत्या. शोधणाऱ्या बाईंनी तिन्ही विकत घेतल्या.

दोन्ही याने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली. १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. आर्मस्ट्राँग आधीच, १९७१ साली गेला होता. एकाच तबकडीवर दोघांचे तीन-तीन मिनिटांचे संगीत घेऊन दोन्ही याने आता सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत. तबकडीबरोबर सुईही पाठवली आहे, आणि ती कशी ठेवायची याचे चित्र वरच्या झाकणावर कोरलेले आहे.